सातव्या महिन्यातलं मडकं

ऑगस्ट सरत आला की आमच्या घराच्या काचांना बाहेरून घाम सुटतो. आत एसी, बाहेर दमट उकाडा. दुबईच्या अल मनखूल भागातली आमची बिल्डिंग जुनी, काचा साध्या, त्यामुळे संध्याकाळी समोरच्या ग्रोसरीची पाटीसुद्धा धड वाचता येत नाही. मी एसीची डिझाइनं करणाऱ्या कंपनीत नोकरी करते, तेव्हा ह्या घामाचं शास्त्र मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण शास्त्र माहीत असून उपयोग काय? दोन वर्षं झाली, ह्या ओल्या काचा पाहिल्या की मी पडदे ओढून घेते. सरळ सांगायचं तर भीती वाटते.

यंदा ती जास्तच वाटते आहे, कारण आमच्या समोरच्या फ्लॅटमधली इमास पुन्हा गरोदर आहे आणि तिला सातवा महिना लागला आहे.

इमास इंडोनेशियाची. असं मी म्हणते. ती तसं म्हणत नाही. करामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत ती काउंटरवर बसते आणि दिवसातून दहा गिऱ्हाइकं तिला विचारतात, फिलिपिनो का? ती नाही म्हणाली की म्हणतात, अच्छा, बाली! मग जावा. जावा म्हटलं की मात्र ती खुर्चीत ताठ होते. "जावा आयलंड पे रहते हैं, लेकिन जावावाले नहीं. हम सुंदा लोग," असं तिने मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. बेटाच्या पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख त्यांचा, भाषा वेगळी, गाणं वेगळं, जेवण वेगळं. मला हसूच आलं. आम्ही कराडचे, पण इथे सगळ्यांना आम्ही बॉम्बेचे. किती जणांना समजावत बसणार? मी कधीच सोडून दिलं. इमासने सोडलं नव्हतं.

तिने मला तेतेह म्हणायला सुरुवात केली, म्हणजे ताई. माझ्या नवऱ्याला, मकरंदला, आआ म्हणजे दादा. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्यांशी बोलायचे शब्दच वेगळे. मी जेवते तो एक शब्द, तुम्ही जेवता तो दुसरा, आणि मित्र-मित्र जेवतात तो तिसरा. मी म्हटलं, आमच्याकडेही आहे की, जेवणं, खाणं आणि गिळणं. फक्त गिळणं आम्ही नवऱ्यासाठी राखून ठेवतो. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. बसलेल्या माणसांसमोरून जायचं झालं तर ती कमरेत वाकून, उजवा हात खाली धरून, "पुन्तेन" म्हणत जाते. माफ करा, वाट द्या, असा काहीतरी अर्थ. आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची होती. तीही सोफ्यासमोरून तशीच वाकून जायला लागली. आजीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, पोरीची कंबर धरली आहे का?

इमासच्या घरी जेवायला गेलं की ताटात अर्धी बाग असायची. कच्ची पानं, कच्ची वांगी, काकडी, कोवळ्या शेंगा, आणि बाजूला मिरची आणि सुकटाचा ठेचा, ज्याच्या वासाने मजल्यावरचे दोन शेजारी दारं लावून घ्यायचे. मला मात्र त्या वासाने माहेरची आठवण यायची. तांदळाच्या डब्यात हात घालण्याआधी ती काहीतरी पुटपुटायची. तांदूळ म्हणजे त्यांच्याकडे एक बाई आहे, तिची परवानगी घ्यायची. तिचा नवरा आसेप तिला चिडवायचा, "पाँच टाइम नमाज, और चावल से भी बात!" आसेप जहाजावर असतो, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मना सामान पोचवणाऱ्या बोटीवर. इमास पुटपुटत तांदूळ मोजत राहायची. मला माझ्या गॅसजवळची अन्नपूर्णा आठवायची.

आणि तिन्हीसांजेची तिची भीती. मगरिबची अजान व्हायच्या सुमारास ती इराला खेळायला खाली जाऊ द्यायची नाही. त्या वेळेला त्यांच्याकडे नाव आहे, सांदेकाला. उजेड आणि अंधार एकमेकांत मिसळतात तेव्हा ते काहीतरी फिरत असतं आणि मुलांना घेऊन जातं. पडदे ओढायचे, मुलं घरात घ्यायची, आणि त्या वेळी नवं काही सुरू करायचं नाही. "इमास आंटी, देअर इज नो डार्क इन दुबई," असं इरा म्हणायची. खरंच आहे. इथे संध्याकाळ होतच नाही, ऊन जातं आणि दिवे लागतात. मला आईचं दिवेलागण, शुभं करोति, उंबऱ्यावर बसू नको, सगळं आठवायचं आणि वाटायचं, आपण किती पुढे आलो! अशा वेळी माणसाला स्वतःविषयी फार बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी इमासला सातवा महिना लागला तो ह्याच दिवसांत. त्याआधी तिचे दोन गर्भ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले होते. हा पहिलाच, जो सातव्यापर्यंत आला. ती पोटातल्या बाळाला "नेंग" म्हणायची, छोट्या मुलीला म्हणतात तसं. मुलगीच आहे, हे तिने कोणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. गावाहून तिच्या आईने, मामाने (ती आईला मामा म्हणते), विधीची तारीख काढून दिली. सातव्या महिन्यातल्या विधीला तारखेतही सात लागतो, म्हणून सत्तावीस. पुढे-मागे चालायचं नाही. आसेप सत्तावीसच्या आत येणार होता, पण त्याच्या जागी येणारा माणूस आजारी पडला आणि त्याची सुट्टी लांबली.

तेव्हा इमास आमच्या दारात उभी राहिली. विधीचा शेवटचा भाग पुरुषाने करायचा असतो. नवरा नसेल तर घरातल्या मोठ्या भावाने. "यहाँ मेरा भाई कौन है? आआ मकरंद ही है ना?" मकरंद एवढा खूश झाला की काय करायचं आहे हेही त्याने विचारलं नाही. पाण्याचा काहीतरी विधी आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मग तिने मला मडकं आणायला सांगितलं. मीना बाजारातल्या पूजेच्या दुकानात मातीची मिळतात. दुकानदाराने फळीवरून दोन काढली, एक रंगवलेलं आणि एक साधं. "कलश के लिए चाहिए, या..." एवढं बोलून तो थांबला. मी म्हटलं, पाणी भरायचं आहे आणि मग फोडायचं आहे. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, रंगवलेलं मडकं परत फळीवर ठेवलं आणि साधं कागदात गुंडाळून दिलं. भर उन्हात टॅक्सीची वाट पाहत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मकरंदचे बाबा गेले होते. कराडला कृष्णेकाठी थोरल्या मुलाने करायचं ते सगळं त्याने केलं होतं. पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं, प्रत्येक फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडतात, पाण्याची धार लागते, आणि शेवटी खांद्यावरून मडकं मागे सोडून द्यायचं. वळून बघायचं नाही. मग उलट्या हाताने तोंडावर मारत बोंब ठोकायची. ती बोंब मी बायकांच्या घोळक्यातून लांबून ऐकली होती. माझ्या नवऱ्याचा आवाज मला ओळखू आला नव्हता.

मी टॅक्सीतून त्याला फोन केला. तो अबू धाबीच्या साइटवर होता. म्हटलं, "अरे, मडकं फोडायचं आहे. तुला चालेल ना?" तो म्हणाला, "अगं, त्यांचं वेगळं, आपलं वेगळं. बाळाची वाट मोकळी होण्यासाठी फोडतात ते. इट्स जस्ट अ पॉट. मीटिंगमध्ये आहे, ठेवतो." मला बरं वाटलं. मला तेच ऐकायचं होतं.

सत्तावीसला सकाळी बायका जमल्या. शारजाहून दोघी-तिघी, उम्म अल कुवैनहून एन्तिन नावाची तिची मैत्रीण. कुराणातला भाग वाचून झाला, मग बाथरूममध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून सात जणींनी इमासवर फुलांचं पाणी घातलं. सातांत मी एक होते. प्रत्येक तांब्यागणिक नवीन बाटिक कापड तिच्या खांद्यावर, आणि बायका ओरडायच्या, हे शोभत नाही, हे नाही, सातवं शोभलं. सात फळांची तिखट-आंबट कोशिंबीर केली होती. ती चाखून सगळ्यांनी मुलगीच म्हणून सांगितलं. इमास इतकी सुंदर दिसत होती की माझे डोळे भरून आले. सातव्या महिन्यातलं आमचं डोहाळजेवण ते, फक्त गाणी वेगळी.

मडकं मात्र तसंच राहिलं. त्यात पाणी, फुलं, सुटी नाणी घातली होती. गावाकडे त्यात एक जिवंत वाम सोडतात, बाळ तसंच सुळकन यावं म्हणून. इथे वाम मिळाली नाही. ते चौकात नेऊन फोडायचं, आणि फोडणारा अबू धाबीत अडकलेला. दुपार झाली, चार वाजले, मकरंद ट्रॅफिकमध्ये. दोन फ्लॅटच्या मधल्या पॅसेजमध्ये मडकं केळीच्या पानाने झाकून ठेवलं होतं आणि मातीतून पाणी झिरपत होतं. जाता-येता आम्ही सगळ्या त्याला वळसा घालत होतो. खाली फरशीवर ओलं वर्तुळ वाढत गेलं. इमास दर थोड्या वेळाने दार उघडून खिडकीकडे, मग त्या मडक्याकडे पाहायची. ऊन उतरायला लागल्यावर तिने दार उघडणंच बंद केलं.

मकरंद आला तेव्हा बरोबर तीच, सांदेकालाची वेळ झाली होती. साइटचे बूट, हेल्मेटने चपटे झालेले केस. एन्तिनने मामाला, म्हणजे इमासच्या आईला, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे कधीच अंधार झाला होता, तिचा चेहरा काळ्या चौकटीत अर्धाच दिसत होता. ती घाईघाईने काहीतरी सांगत होती. "क्या बोलती है?" मी विचारलं. इमास म्हणाली, "बोलती है, अभी मत करो. लेकिन तारीख तो आज ही है." मग आम्ही सगळे खाली उतरलो.

आमच्या बिल्डिंगमागे दोन गल्ल्या एकमेकींना छेदतात. तिथे मी जुनी चादर पसरली, खापऱ्या उचलायला सोपं जावं म्हणून. नातूर, आमचा वॉचमन, बेचैन होता. "यल्ला भाई, जल्दी. कैमरा है, म्युनिसिपालिटी का फाइन होगा." हवा इतकी जड होती की दिव्यांभोवती धुकं दिसत होतं. इमास म्हणाली, "आआ, अपने भगवान का नाम लो, और सामने, ज़ोर से."

मकरंदने मडकं उचललं. ते दिवसभर पाझरून गुळगुळीत झालं होतं. दोन्ही हातांनी त्याने ते छातीपर्यंत आणलं, डोळे मिटले, आणि मडकं तिथे न थांबता वर गेलं. खांद्यावर. त्याने ते मागे सोडून दिलं.

चादर पुढे होती. मडकं मागच्या डांबरावर फुटलं. नाणी घरंगळत ग्रोसरीच्या पायरीपर्यंत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, "हमदुलिल्ला" म्हणाल्या. फुटलं म्हणजे फुटलं. मकरंद तसाच पाठमोरा उभा. "ममा, व्हाय इज बाबा नॉट टर्निंग?" इरा म्हणाली. मी पाहिलं, त्याचा हात उलटा होऊन तोंडाकडे चालला होता. मी धावत जाऊन तो मनगटात पकडला. हात बर्फासारखा गार होता. एन्तिनच्या हातातल्या फोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. मग अजान सुरू झाली.

वर आल्यावर त्याने बूट दाराबाहेर काढले आणि सरळ आंघोळीला गेला. कुठून आल्यावर तशी आंघोळ करतात ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पुढचे दोन महिने इमास सगळं पाळत होती. दारात बसायचं नाही, गळ्यात टॉवेल टाकायचा नाही, ओढणीला छोटी कात्री आणि लसणाची पाकळी टाचलेली. मकरंद ऑफिसातून आला की पहिला प्रश्न, "इमास बरी आहे ना?" मी म्हणायचे, अरे, तिला काय धाड भरली आहे! आणि स्वयंपाकघरात जाऊन कान समोरच्या दाराकडे लावायचे.

ऑक्टोबरच्या शेवटी हवा बदलली, काचा कोरड्या झाल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी इमासला वाटलं की नेंग हलत नाही. हॉस्पिटलात आसेप बरोबर होता. बाळंतपण फार सोपं झालं, नर्सही म्हणाली. मुलगीच होती. तिने श्वास घेतला नाही. नाळेला गाठ पडली होती. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, असं होतं, कोणाच्या हातात नसतं, आधी दिसत नाही. मी ते सगळं मकरंदला शब्दशः सांगितलं. तो अल कूसैसच्या कबरस्तानातून आसेपबरोबर परतला होता, गुडघ्यांना वाळू लागलेली.

"गाठ कधी पडली?" त्याने विचारलं.

"ते कोणालाच सांगता येत नाही, रे."

"तेच," तो म्हणाला. त्यानंतर तो ह्या विषयावर बोलला नाही.

शास्त्राने मला इथेच दगा दिला. गाठ का, ते ते सांगतं. कधी, ते सांगत नाही. त्या एवढ्याशा फटीतून माझ्या नवऱ्याच्या मनात जे शिरलं ते गेली दोन वर्षं तिथेच बसलं आहे. समोरच्या दाराचा आवाज आला की तो थांबतो, ती लिफ्टमध्ये शिरली की जिन्याने उतरतो. इमासमध्ये मात्र काही बदल नाही. ईदला, कधी उगाचच, दोन्ही हातांत वाडगा धरून ती येते, थोडी वाकते, "तेतेह, आआ को गरम-गरम देना" म्हणते. मी मनात म्हणायचे, बरं आहे बाई, हिला काही माहीत नाही.

गेल्या आठवड्यात दोघं नवरा-बायको आले. आसेप सुट्टीवर आहे. इमासचं पोट आता चांगलं दिसतं. विधी सतरा सप्टेंबरला आहे. मी चहा ठेवायला उठले, तेवढ्यात तिने मकरंदला सांगितलं, "आआ, मटका फिर आप ही फोड़ना."

मी ओट्याशी थिजले. आसेप घरात असताना ह्याने कशाला? मकरंद पांढरा पडला. आणि मग दोन वर्षांचं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. बाबांचं मडकं, कृष्णाकाठ, खांदा, मागे सोडणं. मोडक्या हिंदीत, मध्येच मराठीत. शेवटी म्हणाला, "वो हमारे यहाँ मुर्दे के लिए करते हैं, इमास. मैंने तेरी बच्ची के लिए वही किया. हाथ अपने आप गया."

"मालूम है," इमास म्हणाली.

तिची आई रोज इंडियन सीरियल बघते. तिकडे गावोगाव बघतात, त्यांच्या भाषेत आवाज भरलेल्या. मामाने फोनवर मडकं खांद्यावर जाताना पाहिलं आणि तिला तेव्हाच कळलं. त्याच संध्याकाळी तिने इमासला सांगितलं होतं, आणि वर बजावलं होतं, त्याला बोलू नकोस, पाहुणा आहे, त्याला वाईट वाटेल.

"तू दो साल से जानती है?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"हाँ, तेतेह."

"फिर क्यों? आसेप है ना घर में!"

तिने पोटावर हात ठेवला आणि अगदी मऊ आवाजात, वडीलधाऱ्यांशी बोलतात तशा, म्हणाली, "जिस हाथ से उल्टा हुआ, सीधा भी उसी हाथ से होगा. आसेप से नहीं होगा. मामा ने गाँव में पूछ के बताया है." आसेप खाली मान घालून बसला होता. तो तांदळाशी बोलण्यावरून तिला चिडवणारा आसेप. त्यानेही मान हलवली.

ते गेल्यावर मकरंद लहान मुलासारखा रडला. त्याला हलकं वाटलं असावं. मला नाही वाटलं. मला तिचा राग आला, आणि रागाची लाज वाटली. तिला ठाऊक होतं आणि तिचा विश्वासही होता. आम्ही खाल्लेला प्रत्येक वाडगा तिने ते मनात ठेवून वाकून दिला होता. एकदा दार आपटलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या तर मला समजलं असतं. ह्या अदबीपुढे काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. आणि समजा, ह्या खेपेलाही काही झालं? तेव्हा नाळ आणि गाठ आणि डॉक्टर, ह्यातलं काहीही घेऊन मी मकरंदसमोर उभी राहू शकणार नाही. ह्या वेळी त्याला विचारून, सांगून, त्याच्या हाती दिलं आहे.

त्याने हो म्हटलं आहे. नाही कसं म्हणणार?

काल ऑफिसातून आले तर तो बाल्कनीत पाठमोरा उभा होता. काचेवर पाणी ओघळत होतं, त्यातून त्याची आकृती नीट दिसत नव्हती. दार सरकवलं तेव्हा कळलं, तो सराव करत होता. रिकामे हात छातीपाशी, मग समोर खाली. छातीपाशी, समोर. पण डोळे मिटले की हात आपोआप वर जायचे, खांद्याकडे. त्याला भगवंताचं नाव घ्यायला डोळे मिटावे लागतात.

मी समोर जाऊन उभी राहिले, त्याची मनगटं धरली आणि हात खाली आणले. "असे. पुढे," मी म्हटलं. "पुढे," तो म्हणाला. पुष्कळ वेळा केलं. मी धरलेले असतात तोवर ते बरोबर जातात. सोडले की पुन्हा वर जातात.